पेशींचं सकाळचं खाणं

हॅरो, १२ फेब्रुवारी २०२५

निधी,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात पुढे सरकेना. तेव्हा नुसतंच निधी.

टपालाने पत्र आलेलं पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. ऑफिसची ईमेल सध्या चौकशी समिती वाचते, आणि फोनवर तुला मी गेल्या वर्षीच ब्लॉक करून टाकलंय. अनब्लॉक करता येतं, माहीत आहे मला. पण ते केलं की तू फोन करशील आणि तुझा आवाज ऐकला की मी एकतर भांडेन नाहीतर रडेन. दोन्हीला सध्या सवड नाही.

लिहायचं कारण एवढंच की जर्नलच्या संपादकबाईंनी पुन्हा कळवलंय, तुम्ही दोघींनी आपसात बोलून घ्या. त्यांना काय जातंय सांगायला! तरी घे, बोलते.

आपलं भांडण नेमकं कशावरून आहे ते आधी मांडते, म्हणजे निदान तेवढ्यावर तरी एकमत होईल. तीन वर्षांपूर्वी माझा पेपर आला. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये पेशींतला एक जीन झोपवलेला असतो. तो जागा असता तर त्या पेशी अशा बेलगाम वाढल्या नसत्या. माझ्या लॅबमध्ये एका जुन्या औषधाच्या अगदी थोड्या मात्रेने तो जागा झाला आणि पेशी शहाण्यासारख्या वाढायच्या थांबल्या. एकदा नाही, दरवेळी. मग डंडीला तुझ्या लॅबने तेच करून पाहिलं आणि तुमच्याकडे तो काही जागा झाला नाही. इथवर दोघींचं खरं. पण पुढे तू काय केलंस? मला न विचारता जर्नलला लिहिलंस. आणि काय ती सभ्य भाषा! हॉस्टेलच्या एका खोलीत, एका कपाटात कपडे कोंबून जिच्याबरोबर पीएचडी केलीस, तिला तू त्या पत्रात ‘द ऑथर्स’ म्हणालीस.

तुझ्या त्या पत्रावरून आमच्या इन्स्टिट्यूटने समिती नेमली. मी लबाडी केली असं कुणी म्हणत नाही. इथे तसं कुणी तोंडावर म्हणत नसतंच. फक्त लिफ्टमध्ये लोक माझ्याशी हवेबद्दल फार बोलायला लागलेत. ठरलंय असं, की सगळं सामान नवं आणि सीलबंद मागवायचं, दुसऱ्या विभागातल्या डॉ. ॲलिसन प्राइस शेजारी उभ्या राहणार, आणि त्यांच्या देखत मी तो जीन जागा करून दाखवायचा. एप्रिल संपायच्या आत जमलं तर पेपर राहील. नाही जमलं तर मागे घ्यायचा. आणि जिचा पेपर मागे घेतला जातो तिच्या पुढच्या शब्दावर कोण विश्वास ठेवतं, हे तुला मी सांगायला नको.

जमणारच आहे म्हणा. इतक्या वेळा केलंय ते काम की डोळे मिटून करेन.

काल जेवताना ईशानीने विचारलं, “आई, तुझी पेपर फेक आहे का?” तेरा वर्षांची झाली. कशाला ‘तुझी’ म्हणायचं आणि कशाला ‘तुझा’, याचा अजून पत्ता नाही, पण नेमक्या वर्मावर बोट ठेवता येतं. मी म्हटलं, “नाही.” तर म्हणते, “देन निधीमावशीला का नाही झाला?” मग मी तिला समजावलं, की गॅसचा सिलिंडर भरलेला असतो, शेगडी चांगली असते, पण रेग्युलेटर कुणीतरी बंद केलेला असतो. जीनचं तसंच आहे. तो तुटलेला नाही, त्याच्यावर बारीक रासायनिक खुणा लावून त्याला नुसतं बंद केलंय. औषधाने त्या खुणा पुसल्या जातात आणि रेग्युलेटर उघडतो. ईशानी विचार करून म्हणाली, “मग निधीमावशीची रेग्युलेटर स्टक असेल.” विनय जोरात हसला. विनयला काय, त्याच्या ऑफिसात काही अडलं की कॉम्प्युटर बंद करून चालू करतात. मी म्हटलं, “तिला रांधायचं कधी जमलंच नाही. शिळ्या पोळीवर वाढलेली बाई ती.”

उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल.

देवयानी


हॅरो, १६ मार्च २०२५

निधी,

तुझं कार्ड मिळालं. समुद्राचं चित्र छान आहे. डंडीला ऊन पडतं हे मला माहीत नव्हतं.

तू लिहितेस की जर्नलला लिहिण्याआधी मला तीनदा फोन केला होतास आणि मी उचलला नाही. फोनमध्ये पाहिलं. बरोबर आहे. त्या आठवड्यात तुझा वाढदिवस मी विसरले होते, आणि तू आता त्याबद्दल टोमणे मारणार म्हणून उचलत नव्हते. तेव्हा ‘न विचारता’ एवढे शब्द मी मागे घेते. बाकीचं सगळं कायम.

प्रयोग सुरू आहे. छान चाललाय. ॲलिसनबाई शेजारी स्टुलावर बसून असतात. चांगल्या आहेत, कमी बोलतात, बिस्किटं आणतात. सगळं सामान त्यांनीच मागवलं. औषध नवं, पेशी नव्या, प्लास्टिक नवं, पेशींचं खाणंसुद्धा सीलबंद बाटल्यांतलं. माझ्या हातचं काहीही नको, म्हणजे कुणाला शंका घ्यायला जागा नको, असं मीच म्हटलं. माझ्याच पेपरमधली कृती समोर ठेवून ओळीने करत जाते. आकडे अजून पूर्ण आलेले नाहीत.

इकडे बाकी मजेत. शनिवारी वेम्बलीला गेलो होतो. ईलिंग रोडवर मेथी चांगली मिळाली आणि कोवळी गवारही. विनयला जिन्याखालचं कपाट आवरायचा झटका आलाय. ईशानी शाळेच्या ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेट वाजवते आणि घरीही वाजवते, त्यामुळे घरात शांतता अशी नाहीच. पाडव्याच्या कार्यक्रमात मंडळाच्या लोकांना माझं भाषण हवं होतं, ‘आपल्यातली कॅन्सरवर संशोधन करणारी शास्त्रज्ञ’ म्हणून. मी नाही म्हटलं. वेळ कुठे आहे?

बाकी विशेष काही नाही.

देवयानी

ता. क. तुमच्याकडे औषध विरघळवल्यावर किती वेळात वापरायचात? आणि पेशी फार दाट तर नव्हत्या ना होऊ दिल्या? सहज विचारते.


हॅरो, ३ एप्रिल २०२५

निधी,

सहज विचारलं नव्हतं.

जीन जागा होत नाहीये. मागच्या पत्राच्या वेळी प्रयोग पहिल्यांदा फसला होता आणि आता दुसऱ्यांदा. औषध दिलेल्या पेशी आणि न दिलेल्या पेशी, दोन्हींतला जीन स्क्रीनवर सारखाच निपचित. अगदी तुझ्या आकड्यांसारखं. ॲलिसनबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “आय ॲम सो सॉरी, डेव्ह्यानी.” त्या वेळी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली, कारण त्या मनापासून बोलत होत्या.

तुझ्याकडे झालं नाही तेव्हा मी सरळ म्हटलं, हिचं चुकलं. आता माझ्याच हातून, माझीच कृती समोर ठेवून होत नाहीये, तर कुणाचं चुकलं म्हणू? मी आकडे बनवलेले नाहीत, निधी. कुणाला नाही तरी तुला हे कळायला हवं. पण परवापासून डोक्यात येतंय, की मला ते इतकं हवं होतं की हवं तेच दिसत गेलं असेल का? रस्त्यात उभी राहून मी याचा विचार करत होते. मागून एका बाईंनी ढकलगाडीतल्या बाळासकट वळसा घालून ‘सॉरी’ म्हटलं.

विनयला सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, मशीनचा काहीतरी लोचा असेल.” मशीन दोनदा तपासलं. मशीन ठणठणीत आहे. मी रागावून वर निघून गेले. मग तो चहा घेऊन आला आणि शेजारी बसून राहिला, ते मात्र बरं केलं त्याने.

पेपर मागे घ्यायचं पत्र मी लिहून ठेवलंय. समितीने सांगायची वाट कशाला बघायची? अजून एकदा करून पाहण्यापुरते दिवस आहेत, पण तेच सगळं तसंच तिसऱ्यांदा करून वेगळं काय होणार?

म्हणून तुला विचारते. ज्या माणसाने मला यात लोटलं त्यालाच विचारायची पाळी आलीय, पण दुसरं आहे कोण? तू माझ्या शेजारच्या हुडपाशी, त्या काचेच्या कपाटासमोर उभी राहून पीएचडीची सगळी वर्षं माझे हात चालताना पाहिलेस. मी काही वेगळं करायचे का गं? पेशींना हात लावताना, औषध घालताना, काहीही, अगदी फालतू वाटलं तरी सांग. तुझी कृती तू माझ्या पेपरवरून घेतलीस आणि मीही आता त्याच पेपरवरून करतेय. मग पेपरमध्ये नसलेलं काय होतं?

फोन करू नकोस. मला बोलता येणार नाही.

देवयानी


हॅरो, ८ एप्रिल २०२५

निधी, अगं निधी,

कार्ड आलं तेव्हा मी नुकतीच दारातून आत आले होते. कोट अंगात, किल्ली कुलपात, एका हातात दुधाचा कॅन. तुझं मोठं अक्षर, आणि मजकूर काय तर एक ओळ: “देवी, तू अजून सकाळी सातला खाणं करतेस का?”

मी आहे तशी जिन्यावर बसले. आधी वाटलं थट्टा करतेयस. मग डोक्यात लख्ख दिवा पेटला आणि मी हसायला लागले ते थांबेचना. ईशानी क्लॅरिनेट घेऊन वरून धावत आली. “आई, तू क्राय करते की लाफ करते?” म्हटलं, मला तरी कुठे कळतंय!

करते, निधी. अजून करते. रोज सकाळी लॅबमध्ये गेले की आधी खाणं. पावडर मोजायची, पाण्यात विरघळवायची, बारीक गाळणीतून गाळायची, त्या दिवसापुरतीच करायची आणि उरेल ते दुसऱ्या दिवशी ओतून द्यायचं. श्यामला मॅडमनी पुण्यात पीएचडीच्या वेळी लावलेली सवय. आठवतं ना, पदराने चष्मा पुसत म्हणायच्या, “मुलींनो, आपण शिळं खात नाही, मग पेशींना का घालायचं?” एक दिवस तुझी पाळी आणि एक दिवस माझी, आणि तुझ्या पाळीला तू पांघरुणात आणि लॅबमध्ये मी. इकडे आल्यावर तू सुटलीस. पहिल्याच आठवड्यात बाटल्या मागवल्यास आणि मला फोन करून म्हणालीस, “देवी, इथे आयतं मिळतं गं!” मला आयतं बघवेना. माझ्या लॅबमधली मुलं हसतात, ‘डेव्ह्यानीज मॉर्निंग सूप’ म्हणतात, पण मी शिकवलं तसं मुकाट्याने करतात.

आणि हे मी पेपरमध्ये लिहिलं नाही! बाटलीवर जे नाव असतं तेच पावडरच्या डब्यावर असतं. घटक तेच, प्रमाण तेच. मी नुसतं नाव लिहून मोकळी झाले. भाताची कृती लिहिताना तांदूळ धुवा असं कुणी लिहितं का? जे रोज करतो ते करतोय हेच लक्षात राहत नाही. समितीपुढे ‘माझ्या हातचं काही नको’ म्हणून ऐट मीच मिरवली, आणि जी एक गोष्ट माझ्या हातची असायला हवी होती तीच काढून टाकली.

बाकीचं तुलाही सुचलंच असेल, म्हणून तर तू विचारलंस. त्या पावडरमध्ये इतर पंचवीस गोष्टींबरोबर चिमूटभर व्हिटॅमिन सी असतं. जीनवरच्या खुणा पुसणारं जे एन्झाइम आहे त्याला काम करायला व्हिटॅमिन सी लागतं, हे तर आपण दोघीही विद्यार्थ्यांना शिकवतो. आणि पाण्यात पडलं की ते काही दिवसांतच नासतं. कंपनीची बाटली आपल्या हातात येईपर्यंत महिनोन्‌महिने झालेले असतात. लेबलवर व्हिटॅमिन सी छापलेलं आहे आणि आत त्याचा मागमूस नाही. औषधाने नव्या खुणा लागू दिल्या नाहीत, पण जुन्या पुसणारा उपाशी बसला होता, तुझ्याकडेही आणि आता माझ्याकडेही.

अर्थात हे सगळं अजून नुसतं वाटणं आहे. हुरळून जायचं नाही असं मी स्वतःला सकाळपासून बजावतेय आणि गाणं गुणगुणतेय. पण काहीही झालं तरी एक गोष्ट पक्की आहे. मला जे दिसलं ते मी मनाने रचलं नव्हतं, त्याला निदान एक कारण असू शकतं. ही काय सुटका आहे ते तुला सांगता येत नाही. रविवारी रात्री मी जेवले नव्हते, काल दोनदा वाढून घेतलं. विनय म्हणाला, “त्या डंडीवालीला रोज एक कार्ड पाठवायला सांग.”

आता कामाचं ऐक. मी ॲलिसनबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “राइट. देन वी टेस्ट इट प्रॉपर्ली.” चार प्रकारचं खाणं करायचं. एक बाटलीतलं, आहे तसं. दुसरं रोज सकाळी केलेलं ताजं. तिसरं बाटलीतलंच, पण त्यात रोज ताजं व्हिटॅमिन सी घातलेलं. चौथं ताजंच, पण व्हिटॅमिन सी वगळून. सकाळचं खाणं ॲलिसनबाईच करणार आणि त्यावर अ, ब, क, ड अशी चिठ्ठी लावून मला देणार. कशात काय आहे ते मला शेवटपर्यंत कळणार नाही. समितीनेही मान्य केलंय.

आणि हेच तू डंडीला त्याच दिवसांत करायचंस. करशील ना? समितीचं पत्र तुला येईलच, पण मला आधी विचारायचं होतं. पावडरचा डबा आजच मागव. मॅडम शिकवायच्या तसंच कर, पाणी आधी घे आणि पावडर वरून भुरभुरव, नाहीतर गुठळ्या होतात. आणि कृपा करून पांघरुणातून वेळेवर बाहेर ये. तिकडे माझ्याऐवजी उठायला मी नाहीये.

देवी

ता. क. तुला अनब्लॉक केलंय. पण निकाल लागेपर्यंत फोन नको. मला अपशकुन वगैरे काही वाटत नाही, तरी नको.


हॅरो, २९ एप्रिल २०२५

निधी,

काल फोनवर आपण दोघी नुसत्या “हो ना गं”, “हो ना गं” करत बसलो. वर्षाने बोललो आणि बोललो काहीच नाही. तू नाक ओढत होतीस, मी ओढत होते, आणि ईशानी मागून “स्पीकरवर टाक” म्हणून ओरडत होती. म्हणून जे बोलायचं राहिलं ते लिहिते.

त्या खोलीत काय झालं ते तुला नीट सांगायचंय. ॲलिसनबाई, समितीचे दोघं आणि मी. स्क्रीनवर चार उभ्या पट्ट्या. अ आणि ड जमिनीला चिकटलेल्या, ब आणि क चांगल्या उंच. म्हणजे दोन प्रकारच्या खाण्यांत जीन जागा झाला होता, एवढं सगळ्यांना दिसत होतं, पण कोणत्या दोन, ते ॲलिसनबाईंच्या खिशात. त्यांनी चष्मा लावला, घडी उलगडली आणि अगदी बिस्किटाचा पुडा फोडावा इतक्या सहज वाचून दाखवलं. अ म्हणजे बाटलीतलं. ड म्हणजे व्हिटॅमिन वगळलेलं. ब ताजं. क बाटलीतलं, पण ताजं व्हिटॅमिन घातलेलं. मग त्यांनी तुझे डंडीचे आकडे शेजारी लावले. हुबेहूब तेच.

समितीतले एक गृहस्थ म्हणाले, “वेल. दॅट्स रादर क्लिअर.” तुला माहीत आहे, या लोकांच्यात हे म्हणजे नाचण्याच्या जवळपासचं. ॲलिसनबाईंनी मात्र मला मिठी मारली. पेपर मागे घ्यायचा नाही, फक्त कृतीत दुरुस्ती छापायची, असं तिथेच ठरलं. मी लिहून ठेवलेलं ते पत्र घरी येऊन फाडलं आणि रीसायकलिंगच्या डब्यात टाकलं. विनयने ते बाहेर काढून पुन्हा आणखी बारीक फाडलं.

मी खोटी नव्हते, निधी. आणि तूही नव्हतीस. वर्षभर माझ्या डोक्यात दोघींपैकी एकच खरी असू शकत होती, आणि ती मीच असावी म्हणून मी तुझ्यावर दात खात होते. तुला जे दिसलं ते तू लिहिलंस. न लिहितीस तर आणखी दहा लॅबमध्ये हेच झालं असतं, लोकांनी गुपचूप ती कल्पना कचऱ्यात टाकली असती आणि मला कधी कळलंही नसतं. तुझा राग मला आता येत नाही. ओढूनताणून आणून पाहिला, नाही येत. ‘द ऑथर्स’चा थोडा येतो.

सासूबाईंना विनयने फोनवर सांगितलं, तर त्या पुण्याहून विचारतात, “म्हणजे कॅन्सरला लिंबाचं सरबत चालतं का रे?” मी फोन हिसकावून घेतला. म्हटलं, “आई, तसं कुणालाही सांगू नका हं! हे काचेच्या बशीतल्या पेशींचं आहे. माणसांचं फार पुढचं, आणि ते डॉक्टरांनी बघायचं.” त्या म्हणाल्या, “बरं बाई, नाही सांगत.” नक्की सांगणार आहेत.

आणि आता खरी गंमत. श्यामला मॅडमना फोन केला. ऐंशी उलटल्यात, आवाज तसाच खणखणीत. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, “मॅडम, तुमच्या त्या शिळ्याच्या नियमाने माझी अब्रू वाचली. तुम्हाला तेव्हाच व्हिटॅमिनचं कळलं होतं का?” त्या म्हणाल्या, “छे गं. व्हिटॅमिनचं माझ्या स्वप्नातही नव्हतं. बाटल्या कस्टममध्ये अडकून खराब व्हायच्या म्हणून पावडर आणायचे. आणि शिळं घालायचं नाही असं सांगायचे, कारण ती निधी त्याशिवाय दहाच्या आत लॅबमध्ये यायची नाही.”

ऐकलंस? सगळं तुझ्यामुळे. आळशी तू होतीस म्हणून नियम झाला, आणि पाळला मी.

देवी


हॅरो, १ जून २०२५

प्रिय निधी,

लिहिलं बघ. या वेळी हात अडला नाही.

दुरुस्ती छापून आली. तुलाही दिसली असेल, पण मी कागदावर छापून फ्रिजला लावलीय. कृतीत वाढलेलं वाक्य एवढंच आहे, की पेशींचं खाणं रोज सकाळी पावडरपासून ताजं केलं आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरलं नाही. त्याखाली आपल्या चार खाण्यांचा तक्ता, तुझं नाव, माझं नाव आणि श्यामला मॅडमचे आभार. विनय ते वाचून म्हणाला, “एवढ्यासाठी वर्षभर घरात कुणी हसलं नाही?” मी म्हटलं, हो, एवढ्यासाठीच. लिफ्टमधले लोक पुन्हा माझ्याशी बोलेनासे झालेत, आपापल्या फोनमध्ये बघतात. फार बरं वाटतं.

मंडळाच्या लोकांनी गणपतीच्या कार्यक्रमात पुन्हा भाषणाला विचारलं. या वेळी हो म्हटलंय. तू असशील तर दोघी मिळून बोलू. तू चुका सांग, मी कृती सांगते. किंवा उलट.

आता येण्याचं. तुझी डंडीची गाडी शनिवारी दुपारी किंग्ज क्रॉसला पोचेल. तिथून मेट्रोपॉलिटन लाइन पकड आणि हॅरो-ऑन-द-हिलला उतर. मी स्टेशनवर असेन. ईशानी म्हणते ती पण येणार आहे, “कारण निधीमावशी इज बेसिकली फेमस आपल्या घरात.” तिने तुझ्यासाठी क्लॅरिनेटवर काहीतरी बसवलंय. कौतुक कर, कसंही वाजलं तरी.

जेवायला काय करू म्हणून विनय मेनू आखत बसला होता. पुरणपोळी म्हणाला, श्रीखंड म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही दोघं खा. निधीला काय हवं ते मला माहीत आहे. हॉस्टेलवर मेसची आदल्या रात्रीची पोळी कागदात गुंडाळून आणायची, सकाळी हीटरवर फोडणी करायची आणि खोलीभर हिंगाचा वास करून ठेवायची ही बाई. मॅडमना कळलं असतं तर तुला लॅबबाहेर काढलं असतं.

म्हणून सांगते, आमच्याकडे तुझ्यासाठी ताजं काही होणार नाही. शुक्रवारी रात्री मी मुद्दाम डझनभर जास्तीच्या पोळ्या लाटणार आहे आणि डब्यात झाकून ठेवणार आहे. शनिवारी तू येईपर्यंत त्या चांगल्या शिळ्या झालेल्या असतील. कांदा, मिरच्या चिरून ठेवते. कुस्करायला तू ये.

तुझीच,
देवी